धाब्याचे घर



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी 'गावाकडच्या घराची डागडुजी' असे सांगितले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय हाच आहे, आणि तो माझ्या कामातूनच मला मिळाला आहे.

कामगाराच्या हाती मोठी रक्कम एकदम येते ती आयुष्यात बहुधा एकदाच, निवृत्तीच्या वेळी. १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आला, १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी आली. त्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. ही रक्कम घेऊन जळगावच्या डाळमिलमधला, चटईच्या कारखान्यातला किंवा सुरतेला उधन्यात तीस वर्षे माग चालवलेला खानदेशी माणूस माझ्याकडे येतो तेव्हा कायद्याचा प्रश्न विचारीत नाही. तो विचारतो, "भाऊ, गावाकडे धाब्याचं घर आहे. पाडून स्लॅब टाकू का?" आणि मी काही बोलायच्या आत सांगतो की ठेकेदाराला विसार देऊन झाला आहे.

पुढचे मी अनेकदा पाहिले आहे. घर पडते. सागाच्या तुळया व्यापारी नेतो. भिंतींची माती ट्रॅक्टरने रस्त्याच्या कडेला जाते. पाया, कॉलम, स्लॅब एवढ्यात फंड संपतो आणि गिलावा राहून जातो. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली आग सोडीत राहतो. घरधनी कूलर आणतो, पण पाण्याची टंचाई असते आणि वीज भरवशाची नसते. शेवटी ज्या घरासाठी आयुष्याची पुंजी घातली त्याच्या बाहेर, अंगणात, खाट टाकून तो झोपतो. म्हणून मी म्हणतो की हा कामगारांचाच प्रश्न आहे. लढून मिळवलेला पैसा जातो कुठे, हे पाहणे संघटनेचे काम नाही काय?

तरुण श्रोत्यांसाठी एक खुलासा करतो. धाबे म्हटले की आज हमरस्त्यावरची शेवभाजी आठवते. पण आपल्या घरांचे धाबे त्याहून फार जुने आहे. नियम धाब्यावर बसवले असे आपण म्हणतो, ते मातीच्या सपाट छतावर. देशावर आणि मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठची जुनी गावे उंचावरून पाहिली तर एकाला एक लागून मातीची सपाट छपरेच दिसत. पाऊस बेताचा, ऊन भयंकर, सागवान सातपुड्यात, आणि गावठाणात पांढरी माती हवी तेवढी. या चार गोष्टींतून हे घर जन्मले.

त्याची रचना अशी. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर आडव्या किलचांचा म्हणजे लहान दांडक्या-फळ्यांचा थर, त्यावर पाला, मग चिखल आणि सर्वांत वर खारी माती. ही माती पाण्याने फुगून बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. छताला किंचित उतार आणि कडेला पन्हाळ. भिंती दीड-दोन हात रुंद, कच्च्या विटांच्या किंवा नुसत्या मातीच्या. सारा भार लाकडाच्या सांगाड्यावर असल्याने एखादी भिंत ढासळली तरी छप्पर उभे राहू शकते. घराचे माप चौरस फुटात नसे, खणांत असे. तीन खणांचे घर, पाच खणांचे घर. मुलगी द्यायची तर खण मोजले जात.

जाड मातीची भिंत उन्हाला झटकन आत येऊ देत नाही. दुपारचा उन्हाळा भिंतीच्या आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र पडते आणि तोवर बाहेर वारे सुटलेले असतात. माणसेही त्या हिशेबाने फिरतात. दुपारी आतल्या खणात, संध्याकाळी ओट्यावर, रात्री धाब्यावर. घराने दिवसाचे वेळापत्रकच आखून दिलेले असते. ज्याने तीस वर्षे भोंग्याच्या वेळापत्रकावर काढली त्याला या दुसऱ्या वेळापत्रकाची गोडी लागली तर नवल नाही.

आमचे वडिलोपार्जित घर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, पाच खणांचे. बरीच वर्षे त्याला कुलूप होते. भाऊबंदांनी पाडण्याचा आग्रह धरला. मी गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रीला बोलावले. ते तास दीड तास काठीने लाकडे ठोकीत फिरले आणि म्हणाले, "लाकूड बोलस भो, सिमेंट मुकं शे." कडी मोडण्यापूर्वी करकरते, वाकते, माती गाळते, महिनोन् महिने सूचना देते. ऐकणारा घरात हवा एवढेच. सिमेंटातली सळई गंजते ती बाहेरून दिसत नाही, आणि दिसते तेव्हा पोपडे डोक्यावर येत असतात. शाळा सातवीत सोडून पुढे जळगावच्या व. वा. वाचनालयात बसून मी बरेच वाचले, पण बांधकामशास्त्राचे एवढे नेमके वाक्य मला तिथे सापडले नव्हते.

आधी छत उघडले. वीतभर माती असायला हवी तिथे दीड हात माती निघाली. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी टाकायची चाल आहे, पण जुनी खरवडून मग नवी टाकायची, हा नेम सुटतो. दरवर्षी नवा थर चढतो, ओझे वाढते, आणि एखाद्या श्रावणात झडीच्या पावसाने ती सारी माती भिजली की छप्पर खाली येते. पावसाळ्यात धाबे कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. दोष मातीला दिला जातो. थोडा दोष मातीचा आहेच, ती दरवर्षी देखभाल मागते. पण पुष्कळ दोष त्या न खरवडलेल्या थरांचा, आणि घर बंद ठेवून सुरतेला किंवा पुण्याला निघून जायला लावणाऱ्या परिस्थितीचा आहे. ज्याच्या घरात माणूस नाही त्याचे धाबे कोण खरवडणार?

माती उतरवल्यावर दोन कड्या उधईने खाल्लेल्या आढळल्या, त्याही भिंतीत शिरलेल्या टोकांशी, जिथे पन्हाळ फुटून पाणी मुरत होते. नव्या सागाची गरज पडली नाही. आसपासच्या गावांत इतकी जुनी घरे पाडली जात आहेत की ताठ, कसलेल्या कड्या सहज विकत मिळतात. उतरवलेली मातीच चाळून, भुसा घालून, भिजवून आठ दिवस कुजवली आणि तुडवून पुन्हा वापरली. किलचांवर मात्र पाल्याऐवजी जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. आजोबांना तो मिळाला असता तर त्यांनीही अंथरला असता, याविषयी मला शंका नाही.

भिंतींच्या तळाशी मधल्या काळात कोणीतरी ओल झाकण्यासाठी सिमेंटचा गिलावा केला होता. खानदेशात हे घरोघर दिसते. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर सुकून जाते. सिमेंटने तिची वाट बंद झाली की ती वर चढते, आणि हातभर गिलाव्याने लपवलेली ओल दोन वर्षांत छातीपर्यंत दिसू लागते. तो गिलावा काढून चुन्याचा केला, भिंतीच्या कडेने पाणी वाहून जाईल अशी नाली काढली. घरातल्या आजारपणाचा निम्मा इलाज त्या नालीत होता.

आता ज्या गोष्टी जुन्या ठेवल्या नाहीत त्या सांगतो. जुन्या घराचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात आणि ते ओट्यावर बसलेले असतात, असा माझा अनुभव आहे. आतल्या अंधाऱ्या खणात चुलीपाशी धुराने डोळे चोळणारी बाई त्या गाण्यात सूर मिसळीत नाही. आठवड्याला सारवण, वर्षाला पोतेरे, डोक्यावरून मातीची टोपली शिडीने धाब्यावर, आणि हे सारे शेतातली मजुरी उरकून. जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचे घर जपून ठेवले आहे. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या आणि १९५१ साली जळगावात वारलेल्या या शेतकरणीच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या तेव्हा आचार्य अत्र्यांपासून सारे थक्क झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या कविता ओठांवर आल्या त्या काम करता करता. आपण अशा घरात जाते पाहतो तेव्हा ते फार सुंदर दिसते. आता ते कोणाला पहाटे उठून ओढायचे नसते, हेही त्या सुंदर दिसण्याचे एक कारण असावे.

म्हणून आमच्या घरात पहिला खर्च संडास-न्हाणीवर झाला, दुसरा उभ्याच्या ओट्यावर आणि नळावर. स्वयंपाकाच्या खणात दोन खिडक्या पाडल्या, वरच्या बाजूला, म्हणजे चोराचे भय नाही आणि रात्री गरम हवा निघून जाते. जुन्या घरांना खिडक्या जवळजवळ नसत. पुढच्या तीन खणांत शहाबादी फरशी घातली, एकच खण सारवणाचा ठेवला, आणि तो सारवायचा की नाही हे सारवणारीने ठरवायचे. माझ्या पत्नीने पहिल्या वर्षी तो सारवला नाही. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पायांना गारवा हवा म्हणून सारवला, आणि शेण कालवायचे काम मला दिले. या वाटणीवर आमच्या घरात सध्या औद्योगिक शांतता आहे.

सरकारच्या कागदावर असल्या घराला एकच शब्द आहे, कच्चे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत मातीची किंवा न भाजलेल्या विटांची भिंत कच्च्या रकान्यात पडली. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा असा हिशेब ठरला. कुडाच्या, गळक्या झोपडीत आयुष्य काढणाऱ्या भिल्ल आणि पावरा मजुराला या योजनेने छप्पर दिले, त्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. त्या रकमेत घर होत नाही, वर सावकाराकडे जावे लागते, ही तक्रार मी दुसऱ्या व्यासपीठावर करीत असतो. इथे एवढेच सांगायचे आहे की रकान्याचा शब्द माणसाच्या मनात उतरतो. शंभर वर्षे उभे असलेले सागाच्या सांगाड्याचे घर असणारा माणूस खाली मान घालून सांगतो, "आमचं कच्चं आहे." मुलाचे लग्न जमवताना त्याला स्लॅब दाखवायचा असतो. पुष्कळ घरे त्या लाजेपायी पडली आहेत.

ही लाज आपल्याच जिल्ह्याने एकदा झटकून टाकली होती. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तिथे टिळकनगर उभारले गेले. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली, ती बांबूने आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या सामानाने. देशभरातून आलेल्या माणसांनी हिंडून पाहिले आणि खानदेशातल्या कारागिरांचे हात वाखाणले. बांबू आणि माती हा दरिद्री माणसाचा नाइलाज आहे असे त्या दिवसांत फैजपूरला कोणाला वाटले नसेल. आपण मात्र चार-पाच दिवसांचे नगर फोटोत जपतो आणि शंभर वर्षांची गावे पाडतो.

आता मजुरीकडे येतो. इथे मला थोडा वेळ लागणार, माझा धंदाच तो आहे. मातीचे घर स्वस्त असे सर्रास म्हणतात. ते खोटे आहे. त्यात सामान स्वस्त आणि श्रम महाग असतात, किंवा महाग असायला हवेत. सिमेंटच्या घरात दोन रुपयांतला मोठा भाग कारखान्याकडे आणि व्यापाऱ्याकडे जातो, मातीच्या दुरुस्तीत तो गावातल्या गवंडी, सुतार आणि टोपली वाहणाऱ्या बाईकडे जाऊ शकतो. मात्र पूर्वीच्या घरात तोही जात नसे, कारण अर्धे काम वेठीने, बलुत्याने किंवा घरच्या बायकांच्या अंगावर होई. आमच्या घरी काम अठरा दिवस चालले. गवंडीदादांना एक मजुरी आणि तेवढाच वेळ चिखल तुडवणाऱ्या, माती वर चढवणाऱ्या बाईला तिच्या निम्मी, हा गावचा रिवाज. तो आम्ही मोडला. गावात चार दिवस कुरकुर झाली. एका शेजाऱ्याने मला ऐकवले की पुढारी भाव वाढवून ठेवतात आणि मग शहरात निघून जातात. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे हे जाणूनच मी तिथे वरचेवर राहू लागलो.

आणखी एक. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला आणि कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवण्याची सोय झाली. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. खेड्यातला गवंडी ९० दिवस सहज भरवतो, पण त्याच्याबरोबर गारा कालवणारी बाई 'घरचीच' समजली जाते आणि तिचे नाव कुठेच लागत नाही. तुम्ही कोणी घर दुरुस्त करणार असाल तर त्या बाईचा दाखला मागून घ्या आणि सही करा. त्याला पैसा पडत नाही.

इतके करून मिळाले काय? शनिवारी संध्याकाळी गावी पोचतो. पहाटे नळाला पाणी येते तेवढा तास धावपळीचा, मग ओट्यावर चहा. गावात ओटा ही सार्वजनिक जागा आहे. भिंत माझी, पण बसणारा कोणीही. दाराशी न थांबता कोणी पुढे जात नाही, आणि थांबलेल्याला निदान पाऊस, कापसाचा भाव आणि लेकीचे बाळंतपण एवढे बोलल्यावाचून हलता येत नाही. शहरात ज्यासाठी आम्ही सभा बोलावतो, पत्रके वाटतो, ते इथे चहाच्या कपावर होते. स्लॅबच्या नव्या घरांना लोखंडी फाटक आणि कंपाउंड आले, ओटा गेला, आणि माणसे दूरदर्शन संचासमोर एकटी बसली. घर बांधताना एक वेळ माडी राहू द्या, ओटा सोडू नका.

दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत. हिवाळ्यातल्या हिरव्या वांग्यांचे भरीत काड्यांवर भाजलेले असावे, गॅसवरच्या भरताला मी भरीत म्हणत नाही. मग आतल्या खणात झोप. चैत्र-वैशाखात धाब्यावर बिबडे, पापड, कुरडया वाळत असतात. आया-बाया रात्री चारलाच उठून ज्वारीचे बिबडे घालायला जमतात आणि उजाडेपर्यंत हसत असतात. ते काम आहे की करमणूक, याचा निवाडा कोणत्याही कामगार न्यायालयाला करता येणार नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, घागर भरली जाते, आमरस होतो. याच दिवशी सालदाराचे साल संपून नवा करार ठरतो, म्हणजे खानदेशात जो दिवस पुरणपोळीचा तोच वर्षाच्या मजुरीच्या वाटाघाटीचाही आहे. श्रावणात कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, त्याआधी घराला चुना लागतो, आणि सुरत, नाशिक, मुंबई जिथून तिथून भाऊबंद रोट खायला एकत्र येतात. आमच्या घराला कुलूप होते तेव्हाही कानबाईच्या दिवसांत ते उघडे. वर्षातले ते दोन-तीन दिवस त्या घराने तग धरली ती बहुधा त्या चुन्यावर.

आणि रात्री धाब्यावर बाज टाकून पडणे. ज्याने कधी केले नाही त्याला वर्णन सांगून उपयोग नाही. शेजारच्या धाब्यांवरून बोलणे ऐकू येते, एकेक आवाज थांबत जातो.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, हा निवृत्त माणसाचा शौक झाला. मला ते मान्य नाही. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० च्या जूनमध्ये रविवार मिळवला. त्याआधी कामगाराला विसाव्याचा दिवसच नव्हता. त्या सुट्टीचे करायचे काय, हे मात्र आम्ही संघटनेच्या लोकांनी कधी फारसे सांगितले नाही. आठ तास काम, आठ तास झोप, एवढे आम्ही नीट मांडले. उरलेल्या आठ तासांचा हिशेब आमच्या पत्रकांत सापडत नाही. ते आठ तास बसायला, बोलायला, पडायला गार आणि मोकळी जागा हवी. ती घरातल्या सगळ्यांना मिळायला हवी, पुरुषांना ओटा आणि बायकांना चूल अशी वाटणी करून चालायचे नाही. मी मागतो ते इतकेच. ते बहुतेक वेळा जुन्या घरातच पडून असते, आणि ते मिळवायला सारा फंड लागत नाही.

माझी वेळ संपत आली आहे. मघाशी दारात काही मंडळींनी विचारले की आमचे धाबे पाडायचे की राखायचे, याचे उत्तर इथून द्या. इथून ते देता येणार नाही, कडी ठोकून पाहिल्याशिवाय कोणालाच देता येणार नाही. ज्याचे खांबच उधईने पोकळ झाले, त्याने जीव धोक्यात घालू नये, खुशाल उतरवावे. पण रोहिणी २५ मेला लागते आणि मृग ७-८ जूनला. त्यापूर्वी जुनी माती खरवडून, पन्हाळी मोकळ्या करून, नवी खारी दाबून झाली पाहिजे. खारी माती आता कोरडी आहे तोवरच आणून ठेवा. आणि शिडीवर टोपली घेऊन कोण चढणार, हे घरात आजच बोलून घ्या.